'बनगरवाडी' : पात्रे आणि परिसर यांची विश्वसनीयता

प्रादेशिक कादंबरीची विश्वसनीयता बहुधा बोलीभाषा आणि निसर्गवर्णन यांवरून मोजली जाते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीच्या संदर्भात हा निकष अपुरा ठरतो. माणदेशी बोली येथे प्रामुख्याने संवादांत येते. निवेदन राजाराम या तरुण शिक्षकाच्या प्रमाण मराठीत आहे. तरीही धनगरांची ही वाडी खरी वाटते, कारण येथील परिसर केवळ पार्श्वभूमी नसून पात्रांच्या कृतींचे कारण आहे. मुले मेंढरांमागे जातात, म्हणून शाळा भरणे अवघड होते. औताला एकच बैल उरतो, तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी घरची स्त्री स्वतःला जुंपून घेते. अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. या घटना त्या भूमीपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

निवेदक बाहेरून आलेला असल्यामुळे वाडी त्याला जशी उलगडत जाते, तशीच ती वाचकालाही कळत जाते. परंतु या निवेदनतंत्राला मर्यादाही आहे. औत ओढणाऱ्या स्त्रीचे कष्ट निवेदकाला दिसतात. तिचे अंतरंग मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहते. अविवाहित, परक्या शिक्षकाच्या दृष्टीने हे अंतर स्वाभाविकच होय. तथापि, निवेदकाची विश्वसनीयता म्हणजे वाडीचे संपूर्ण सत्य नव्हे. कादंबरीच्या अध्यापनात हा भेद स्पष्ट केला नाही, तर कादंबरी समाजशास्त्रीय अहवालासारखी वाचली जाण्याचा धोका संभवतो.