प्रभुभोजनाचा प्याला आणि जातीची पंगत

मंडळीचा स्वतःच्या धर्मावर खरोखर किती विश्वास आहे, हे प्रवचनात कळत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी कळते. एकच भाकर मोडायची, एकाच प्याल्यातून प्यायचे आणि आपण सारे एक शरीर आहोत हे कबूल करायचे. विटाळ, उष्टे आणि पाणी यांवर ज्या समाजात जात उभी आहे, तिथे ही कृती बंडच ठरते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्यांच्या वारसांना हे वेगळे सांगायला नको. समता आधी ओंजळीत यावी लागते.

करिंथच्या मंडळीत सधन आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणायलाच पौलाने नकार दिला. श्रद्धा शाबूत आहे, आचरण तेवढे चुकले, अशी सवलत त्याने दिली नाही.

भारतीय मंडळीने मात्र ही सवलत स्वतःच घेतली. तंजावरकडे वेल्लाळ ख्रिस्ती आणि परैया ख्रिस्ती वेगळे बसत; प्याला आधी वरच्यांच्या ओठांना लागे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतून जात हद्दपार करण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांनी चर्च सोडले; जात सोडली नाही. वडक्कनकुळमला तर दोन जातींसाठी दोन वेगळे भाग असलेले चर्च उभे राहिले. पुढे मधली भिंत पाडली गेली, तेव्हा ती परत मिळावी म्हणून वरच्या जातीचे ख्रिस्ती न्यायालयात गेले! त्यांची खरी श्रद्धा त्या भिंतीवर होती.

महाराष्ट्रात ना. वा. टिळकांनी उपासनेत अभंग आणि भजन आणले. हे काम मोठे, यात शंका नाही. परंतु सूर देशी झाल्याने पंगत मोडत नाही. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलितांच्या वेदनेतून ख्रिस्ती धर्मविचार मांडला. तोही ग्रंथालयात राहिला तर वेदीपर्यंत पोहोचणार कसा?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांचा समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्म बदलला की जात संपते, असे हा युक्तिवाद गृहीत धरतो. तो खोटा आहे याचा पुरावा चर्चच्या बाकांवरच मिळतो. शासनाकडे न्याय मागताना मंडळीने हा पुरावा लपवू नये आणि त्याची लाजही विसरू नये.

उपासनेची परीक्षा उपासना संपल्यावर सुरू होते. सकाळी ज्याच्यासोबत प्याला घेतला, त्याच्या घरी दुपारी जेवायला बसता का? त्याच्या मुलीला सून करून घेता का? मेल्यावर त्याच्या शेजारी पुरून घ्यायला तयार आहात का? नसाल, तर वेदीवर जे घेतले ते पौलाच्या मापाने प्रभूचे भोजन नव्हते.