पंधराव्या प्रेक्षकाचे काय?

पी. वेंकट रंगन आणि मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर हॅरिक विन यांनी १९९१ मध्ये, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, डिजिटल चित्र-ध्वनीच्या साठवणुकीवर एक शोधनिबंध सादर केला. मागणी येताच चित्रपट पुरवणाऱ्या संगणकांची, म्हणजे व्हिडिओ सर्व्हरची, रचना समजून घ्यायला तो आजही उपयोगी आहे.

त्याचे मर्म एका उदाहरणाने पाहू. समजा, वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिरात सहा तास रंगलेले दशावतारी नाटक सर्व्हरवर ठेवले. सेकंदाला १.५ मेगाबिट या दराने ते सुमारे ४ गिगाबाइट जागा घेईल. हार्ड डिस्क सेकंदाला ३२ मेगाबिट वाचते असे धरले, तर एका वेळी २१ प्रेक्षक होतील का? नाही. प्रत्येक जण नाटकात वेगळ्या ठिकाणी पोचलेला असतो. एकाचा तुकडा वाचून दुसऱ्याच्या तुकड्यापर्यंत जायला वाचनशीर्षाला, समजा, २० मिलिसेकंद लागतात. पाव सेकंदाचा तुकडा मग ३२ मिलिसेकंद घेतो आणि जेमतेम ७ प्रेक्षक सांभाळले जातात. एक सेकंदाचा तुकडा ६७ मिलिसेकंद घेतो. प्रेक्षक १४ होतात, पण प्रत्येकामागे स्मृती चौपट लागते. हे गणित नववीच्या वर्गातही करून घेता येईल.

सरासरी वेगापेक्षा प्रत्येक तुकडा वेळेवर पोचणे महत्त्वाचे, ही निबंधाची खरी शिकवण. नव्या प्रेक्षकामुळे जुन्यांचे चित्र अडखळणार असेल, तर त्याला नकार द्यावा.

आमचे आक्षेप दोन. हा हिशेब वाईटातल्या वाईट स्थितीचा आहे, त्यामुळे डिस्कची बरीच क्षमता पडून राहते. विन यांनीच सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये संख्याशास्त्राचा आधार घेऊन तो सैल केला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नकार केव्हा द्यावा हे गणित सांगते. तो कोणाला मिळणार हे सांगत नाही. अकरा वाजता पंधरा शाळांनी एकच पाठ मागितला, तर ज्या गावची तार संथ, त्याची मागणी शेवटी पोचणार आणि तेच नेहमी वगळले जाणार.

शाळेची मागणी अचानक येत नाही. वेळापत्रक आधीच ठरलेले असते. पाठ आदल्या रात्री शाळेतल्याच डिस्कवर उतरवून ठेवला, तर नकाराचा प्रश्नच उरत नाही. नेटफ्लिक्सने २०१२ पासून साठवणुकीच्या पेट्या प्रेक्षकांजवळच्या जाळ्यांत बसवल्या, त्यामागेही हाच विचार आहे. साठवणुकीची रचना ठरवताना डिस्कचा वेग मोजावा, तसा मागणाऱ्याचा दिनक्रमही मोजावा.