कुलवृत्तांतातील तुटक रेषा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कुलवृत्तांताला स्वतंत्र प्रकरण क्वचितच लाभते. चरित्र, आत्मचरित्र, बखर, प्रवासवर्णन या सर्वांची चिकित्सा झाली. परंतु कुलवृत्तांत हा घरच्या फडताळात राहणारा, लग्न जुळवताना वा गोत्र पाहताना उघडला जाणारा ग्रंथ, असे मानून समीक्षेने त्याच्याकडे पाठ फिरवली. वास्तविक विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गाने पदरमोड करून आणि बहुधा कोणत्याही मोबदल्याविना जे ग्रंथ सिद्ध केले, त्यांत कुलवृत्तांतांचा वाटा मोठा आहे. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांचे या ग्रंथांशी नाते मात्र विचित्र आहे. आपण त्यांत आहोत आणि नाहीही. वंशवृक्षाची एक फांदी तापीच्या दिशेने वळते, तेथून रेषा तुटक होते, आणि शाखा गुजरातेत गेली, पुढील माहिती उपलब्ध नाही, अशा अर्थाचा शेरा येतो. ही तुटक रेषा कशी वाचावी आणि ती भरून काढताना कोणता मोह टाळावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वंशावळ ही मुळात हौसेची वस्तू नव्हे. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापली वंशावळ गोतसभेपुढे मांडत आणि निवाडा महजरात नोंदला जाई. पेशवाई बुडाल्यावर सभा बदलली, गरज बदलली नाही. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा व वंशावळी शोधून काढणे भाग पडले. आज घरोघर आढळणाऱ्या जुन्या वंशावळींपैकी कित्येक अशा दाव्यांसाठीच तयार झालेल्या असतात. म्हणून वंशावळ हाती आली की पहिला प्रश्न ‘मूळपुरुष कोण’ हा विचारू नये. ‘ही कोणापुढे मांडण्यासाठी लिहिली’ हे आधी विचारावे. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे कोणती नावे ठसठशीत का आणि कोणती गाळलेली का, याचा पुष्कळसा उलगडा होतो.

या दृष्टीने कारीच्या जेधे घराण्याचे दोन कागद शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एक शकावली, दुसरा करीना. करीना ही घराण्याची हकीकत आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून शिवछत्रपतींची बाजू धरली, हा प्रसंग त्यात येतो. तो आजही वाचकाला हलवतो; परंतु त्यामागे घराण्याच्या निष्ठेची आणि हक्काची साक्ष देण्याचा हेतू आहे, हे विसरता येत नाही. शकावलीचा बाणा निराळा. तेथे शक, तिथी आणि घटना. विशेषणांना फारसा थारा नाही. लोकमान्य टिळकांनी ही शकावली उजेडात आणली, आणि तिच्यातील शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया या नोंदीने शिवजन्मतिथीच्या वादाची दिशाच पालटली. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. एका देशमुखाच्या घरातले टिपण साऱ्या महाराष्ट्राच्या कामी आले, ते त्यातील कोरडेपणामुळे. करीन्याने आपल्याला कान्होजी दिला, शकावलीने काळ दिला. चांगल्या कुलवृत्तांतात दोन्ही असावेत; मात्र कोणता मजकूर कोणत्या जातीचा, हे वाचकाला कळले पाहिजे.

छापील कुलवृत्तांतांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. घराण्यातील व्यक्तींचे शिक्षण, नोकरी, स्थलांतर, विवाहसंबंध यांची त्यांतील नोंद इतकी तपशीलवार असते की, अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावन कुलवृत्तांत हे महाराष्ट्रातील समाजरचना व परिवर्तन यांच्या अभ्यासाचे साधन म्हणून पुढे ठेवले. आपल्या समीक्षेने ज्याला वाङ्मय मानले नाही, त्याला परक्या विदुषीने इतिहासाचे साधन मानले. दोष आहे तो बहुधा प्रास्ताविक प्रकरणांत. यादीत एकेका सनावळीसाठी झुरणारा संपादक प्रस्तावनेत मात्र मूळपुरुष, त्याचा पराक्रम, कुलस्वामीचा दृष्टांत असे एकामागून एक विनाआधार सांगत जातो. पत्रावरून काढलेली माहिती, वृद्धांकडून ऐकलेली माहिती आणि संपादकाचा तर्क एकाच ठाम क्रियापदात विरघळून जातात.

गुजरातच्या शाखांविषयी हा दोष अधिक जाणवतो. ‘आम्ही महाराजांच्या स्वारीबरोबर सुरतेस आलो’ असे सांगणारी घराणी आपल्यात आहेत. परंतु १६६४ चा जानेवारी असो वा १६७० चा ऑक्टोबर, दोन्ही वेळा स्वारी काही दिवसांतच परतली. येथे ठाणे बसले नाही, वसाहत झाली नाही. केवळ त्या स्वारीच्या आधाराने सुरतेतील वास्तव्य सिद्ध होत नाही. मराठ्यांचे पाय गुजरातेत रोवले गेले ते पुढच्या शतकात, खंडेराव दाभाडे आणि पिलाजी गायकवाड यांच्या हालचालींनी. पिलाजींनी सोनगड हे आपले ठाणे केले, आणि तेथून दक्षिण गुजरातचा मुलूख त्यांच्या टप्प्यात आला. ‘बाजीरावाच्या सैन्यातून आलो’ असे म्हणणाऱ्यांनी तर १ एप्रिल १७३१ हा दिवस ध्यानात ठेवावा. त्या दिवशी डभईजवळ बाजीराव आणि त्रिंबकराव दाभाडे यांच्या फौजा एकमेकींशी भिडल्या आणि सेनापती दाभाडे पडले. तेव्हा ‘सैन्याबरोबर आलो’ एवढे पुरेसे नाही. कोणाच्या सैन्याबरोबर? पेशव्यांच्या की दाभाडे-गायकवाडांच्या? १७५३ मध्ये अहमदाबाद घेतले गेले ते रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी मिळून. म्हणजे वैरही होते आणि भागीदारीही. पूर्वज यांपैकी कोणाच्या चाकरीत होता, यावर त्याचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात शोधायचे की बडोद्यात, हे ठरते. बडोदे संस्थानने आपल्या दप्तरातील निवडक कागद १९३४ पासून छापले. मूळ दप्तर वडोदऱ्यात गुजरात राज्य अभिलेखागाराकडे आहे. आपल्या कुलवृत्तांतकारांची पावले पुण्याकडे जितक्या सहज वळली, तितकी बडोद्याकडे वळली नाहीत. तुटक रेषेचे एक कारण हेही असावे.

आडनाव हा दुसरा फसवा वाटाड्या. दक्षिण गुजरातेत देसाई म्हटले की अनाविल डोळ्यांपुढे येतात, कोकणात आणि कर्नाटकाच्या सीमेवर तेच आडनाव मराठी घराण्यांचे. मजमुदार नागरांत आहेत, मुजुमदार आपल्यात, आणि मजुमदार बंगाल्यांतही. ही नावे हुद्द्याची आहेत, रक्ताची नव्हेत. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांचेही तेच. दोन फडणीस एका कुळातले असतील हे संभाव्य. परंतु ते दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत हिशेब लिहीत होते, हे अधिक संभाव्य.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील जुन्या कुळांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, एलियट, स्कॉट ही कुळे सोळाव्या शतकापर्यंत सीमेच्या दोन्ही बाजूंना घोड्यावरून छापे घालीत, जनावरे हाकून नेत, खंडणी घेत. १६०३ मध्ये दोन्ही राज्यांना एकच राजा मिळाला, सीमा उरली नाही, आणि या कुळांचा बीमोड झाला. कित्येक आयर्लंडात गेले, त्यांचे वंशज पुढे अमेरिकेत. दोनशे वर्षांनी वॉल्टर स्कॉट या त्यांच्याच एका वंशजाने १८०२-०३ मध्ये सीमाप्रदेशातील गीते संकलित करून छापली आणि छापेमार पूर्वज वीरपुरुष झाले. आज जगभरचे वंशज आडनावाच्या आधारे मूळ शोधत त्या गावांत येतात. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांचा लँगहोम या गावाने १९७२ मध्ये आपल्या कुळाचा पुत्र म्हणून सन्मान केला. परंतु तेथील कुलेतिहासाचा खरा आधार गीते नव्हेत. सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी राजधानीला पाठवलेल्या तक्रारी, पकडलेल्यांच्या आणि फाशी दिलेल्यांच्या याद्या, यांतून पूर्वजांची नावे, गावे, साल हाती लागतात. ज्यांना पूर्वजांचा उपद्रव झाला, त्यांनीच पूर्वजांची नोंद जपली.

हा धडा आपल्याला अवघड वाटला तरी घेण्याजोगा आहे. गुजरातचा दिवाण अली मुहम्मद खान याने अठराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘मिराते अहमदी’ या फारसी ग्रंथात मराठ्यांच्या स्वाऱ्या, चौथाई आणि त्यांपायी झालेली प्रजेची धूळधाण येते. सुरतेतील इंग्रज वखारीचे कागद आहेत. या साऱ्यांत आपण ज्याला मुलूखगिरी म्हणतो तिचे दुसरे नाव भेटते. घरात सांगितलेली कथा आणि शेजाऱ्याने ठेवलेली नोंद या दोन्ही ज्यात एकाच पानावर येतात, तो कुलवृत्तांत पूर्वजांचा अपमान करीत नाही. तो त्यांना जिवंत माणसे म्हणून उभे करतो. शिवाय ज्या भूमीत आपल्या सहा-सात पिढ्यांची राख मिसळली, तिच्या आठवणीला आपल्या ग्रंथात जागा नसावी, हे शोभणारे नाही.

तलवारीच्या मोहाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. येथील मराठी माणूस सर्वस्वी फौजेबरोबर आला नाही. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग सुरतेत आले ते शिक्षक म्हणून; दुर्गाराम मेहताजी आणि इतर सुरतकरांच्या साथीने त्यांनी १८४४ मध्ये येथे मानवधर्मसभा स्थापन केली. जातिभेद आणि भोंदूगिरी यांविरुद्धची ही चळवळ मराठी आणि गुजराती माणसांनी एकत्र उभी केली, ती आपल्याच शहरात. शाळामास्तर, कारकून, रेल्वे व कोर्टातील नोकर, गायकवाडी नवसारी प्रांतातील अंमलदार, पुढे गिरण्यांतील कामगार, यांच्या येण्याला पोवाडा नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा खरा मूळपुरुष यांच्यातच सापडेल. तो बदलीच्या हुकमाने आला असेल. त्याने त्याचे मोल घटत नाही.

आणि मूळपुरुषाइतकीच मूळस्त्री. कुलवृत्तांतकार पत्नीचे माहेर नोंदवतात, कन्येचे सासर नोंदवतात, हे मान्य. पण रेषा तिच्यापाशी थांबते. मातृश्राद्धासाठी सिद्धपूरला जाण्याची चाल आपल्या अनेक घरांत आहे. तेथे आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारावी लागतात आणि पुष्कळदा पणजीच्या नावापाशी यजमान अडखळतो. लग्नात नाव बदलल्याने तिचे मूळ नाव तर कोणालाच ठाऊक नसते. जी नावे तीर्थावर घेणे आपण आवश्यक मानतो, ती वंशवृक्षात गौण मानावीत, ही विसंगती आहे. गुजरातेतील घरांपुरते बोलायचे तर भाषा, सण, देव्हारा आणि स्वयंपाक ही ओळख टिकवली ती या स्त्रियांनी. मग घराण्याचा वृत्तांत त्यांना वगळून पूर्ण कसा होणार?

तेव्हा सुरतेतून लिहिला जाणारा कुलवृत्तांत उलट्या दिशेने लिहावा, असे मला वाटते. मूळपुरुषाकडून खाली न उतरता आपल्यापासून वर चढत जावे. प्रत्येक नावापुढे आधार लिहावा: कागद, तीर्थोपाध्यायाची वही, गुजराती दस्तऐवज, वृद्धेने सांगितलेली आठवण. आधार संपला तेथे थांबावे आणि रेषा तुटकच ठेवावी. तेथे कोणी राजपूत राजा वा सरदार आणून बसवू नये. प्रामाणिक तुटक रेषा पुढच्या संशोधकाला वाट दाखवते. खोटी अखंड रेषा त्याची वाट बंद करते.

या कामाला वेळ फार नाही. ऑगस्ट २००६ च्या पुरात तापीचे पाणी शहरभर शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या पेट्या आणि रुमाल किती घरांतून गेले, याची गणना कोणी केलेली नाही. जे उरले ते मोडीत आहे, आणि मोडी वाचणारे हात थोडे आहेत. ज्यांच्या घरी बाड असेल त्यांनी ते उघडून प्रथम त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराकडून यादी करून घ्यावी. घराण्याचा गौरव त्यात निघेल की कर्जरोखा, याची चिंता करू नये. कर्जरोख्यावर तारीख असते, गावाचे नाव असते आणि साक्षीदारांची नावे असतात. गौरवात बहुधा यांतले काहीच नसते.