पात्र दुष्ट, खेळाडू निर्दोष?

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र वठवतो, एक जण सूत्रधार होतो आणि फाशांच्या साथीने कथा पुढे सरकते. अशा रोल-प्लेइंग खेळात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “मी काय करू, माझं पात्रच तसं आहे!” शरण आलेल्याला मारलं, सोबत्याची थैली लांबवली, तरी जबाबदार कोण, तर पात्र. या कलेला आता पन्नास वर्षं उलटली आहेत आणि ही पळवाट तिला अजून पुरती बुजवता आलेली नाही. असं का झालं, हे आपल्याकडच्या एका जुन्या पटाशेजारी ठेवून पाहिलं की नीट कळतं.

तो पट म्हणजे मोक्षपट. त्याचं कर्तृत्व परंपरा ज्ञानदेवांकडे देते. त्याला समकालीन पुरावा नाही; पण ज्यांनी नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, संभ्रमात पडलेल्या अर्जुनाची गोष्ट मराठीत उलगडली, त्यांच्याशी लोकांनी हा खेळ जोडावा, हे समजण्यासारखं आहे. प्रत्यक्ष पट मात्र उपलब्ध आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखितांच्या संग्रहात वा. ल. मंजूळ यांना असे मोक्षपट मिळाले. कवड्या टाकायच्या आणि घरं मोजत वर जायचं. सद्गुणाच्या घरी शिडी, काम-क्रोध-मद-मत्सराच्या घरी साप. कर्माला फळ असतं, हे मोक्षपट लहान मुलालाही बोट ठेवून दाखवतो. पण सोंगटी क्रोधाच्या घरात जाते ती कवड्यांच्या दानामुळे. खेळणारा रागावलेला नसतो. इथे फळ आहे, निवड नाही. आणि निवड नसेल तर जबाबदारी कुणाची?

ही निवड १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने खेळाडूच्या हाती दिली. त्या खेळाचं हे मोठं देणं. पण त्याच हाताने त्याने प्रत्येक पात्रावर ‘अलाइनमेंट’चा शिक्काही मारला. आधी सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक एवढेच प्रकार होते. १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्यांना सज्जन-दुर्जनाची जोड मिळून नऊ खाने झाले. नियम कडक होते : अलाइनमेंट बदलली की कमावलेली एक पातळी जायची, धर्मयोद्धा ‘पॅलाडिन’ने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याचं ते पद कायमचं जायचं. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. शिक्का हाच परवाना ठरला. ‘दुर्जन’ लिहिलं की क्रौर्याला मोकळीक. आणि समोरची ऑर्क नावाची राक्षसी जमातच दुष्ट म्हटल्यावर तिच्या कत्तलीचा हिशेब कुणी मागायचा नाही. माणसाला त्याच्या कृतीआधी त्याच्या जातकुळीवरून तोलणं ही या खेळाची सर्वांत मोठी चूक होती. आपल्या समाजात वाढलेल्या वाचकाला तिचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत शिक्के सैल होत आहेत. ‘पाथफाइंडर’ या खेळाने २०२३च्या सुधारित आवृत्तीत अलाइनमेंट काढूनच टाकली. निर्णय योग्य आहे, पण अपुरा आहे. शिक्का पुसल्याने जबाबदारी येत नाही. ती यावी अशी रचना करावी लागते.

अशी रचना करणारे खेळ आहेत. ‘पेंड्रॅगन’ने १९८५ सालीच दया आणि क्रूरता अशा गुणांच्या जोड्या मांडल्या, सरदाराने वागावं तसा त्याचा स्वभाव घडत जातो. पण माझ्या मते या प्रश्नाला सर्वांत थेट भिडला तो व्हिन्सेंट बेकर यांचा ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ (२००४). त्यात तरुण धर्मरक्षक गावोगाव फिरून न्याय करतात. वाद शब्दांनी सुरू होतो. हार दिसू लागली की खेळाडू धक्काबुक्कीवर, मग मारामारीवर, शेवटी बंदुकीवर जाऊ शकतो. प्रत्येक पायरीला त्याला नवे फासे मिळतात आणि जखमांचा धोकाही वाढतो. पात्र चांगलं की वाईट, हे खेळ सांगत नाही. तो विचारतो : आपलं खरं करण्यासाठी तू कुठवर जाशील? हात बंदुकीकडे गेला तो माझ्या निर्णयाने, चार जणांच्या देखत. तिथे ‘पात्रच तसं आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

निवडीच्या या बळाचा उपयोग करमणुकीपुरताच नाही. आंध्र प्रदेशात अभ्यासकांनी शेतकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला दिला : जास्त पाण्याचं पीक घ्यायचं की कमी पाण्याचं, हे प्रत्येकाने ठरवायचं आणि सामायिक साठा घटताना सगळ्यांनी पाहायचा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. ही गोष्ट टेबलावर आणून पाहा. पोरीचं लग्न तोंडावर, कांदा वाळतोय आणि गाडीवाला रात्रीतून बोअर मारून द्यायला तयार आहे. असा शेतकरी नऊपैकी कोणत्या खान्यात बसवणार? त्याला फक्त निर्णय घेऊ द्यावा आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीचा तळ दाखवावा.

या कलेची कसोटी मला इथे दिसते : निवड खेळाडूची, परिणाम सगळ्यांचा आणि हिशेब टेबलावर, उघड. अहिल्यानगरच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, परक्या देशातल्या ऑर्कच्या कत्तली पुरे झाल्या. आपल्या गावाचा खेळ मराठीत लिहा, आणि त्यात एकाही पात्राच्या कपाळावर शिक्का मारू नका.