नरक्याची जनुकीय विविधता : नमुना कोणत्या पिढीचा?

सह्याद्रीतील नरक्या या वृक्षावरील जनुकीय अभ्यासांचे मूल्यमापन करताना एक प्रश्न प्रथम उपस्थित होतो : तपासलेली पाने कोणत्या पिढीतील झाडांची होती?

वॉल व वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना ते नरक्यात आढळले. पुढे मागणी वाढली आणि घाटमाथ्यावर व कोकणात या झाडाची बेकायदा तोड झाली. द्रव्य खोडात व मुळांतही असल्याने तोडणाऱ्यास फांदीवर समाधान मानण्याचे कारण नव्हते.

अशा समष्टींतील विविधता मोजण्यासाठी भारतात आरएपीडी चिन्हकांचा वापर बराच झाला. ही पद्धत स्वस्त व जलद आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेस ती परवडते, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु ही चिन्हके प्रभावी स्वरूपाची असल्याने समयुग्मी व विषमयुग्मी झाडांत भेद करता येत नाही. साहजिकच अंतःप्रजननाचे थेट मापन होत नाही. त्याहून गंभीर उणीव नमुन्याची आहे. पूर्ण वाढलेल्या झाडांतील विविधता ही ती झाडे रुजली त्या काळातील, म्हणजे तोडीपूर्वीच्या, परागवहनाची साक्ष असते. तोडलेल्या बुंध्यावरील धुमारे तर जुन्याच झाडाची जनुके पुढे नेतात. त्यामुळे ‘विविधता समाधानकारक’ हा निष्कर्ष गणिताने बरोबर असूनही दिशाभूल करू शकतो. आयुर्वेदात हपुषा म्हणून परिचित असलेल्या ज्युनिपरची इंग्लंडमधील स्थिती येथे उद्बोधक आहे : अनेक ठिकाणी वृद्ध झुडपे उभी आहेत, रोपे मात्र जवळजवळ दिसत नाहीत.

हा आक्षेप एका वृक्षापुरता नाही. पनवेल तालुक्यातील कोन गावाच्या एका बाजूस प्रबळगड-माथेरानचे डोंगर, दुसऱ्या बाजूस कर्नाळ्याचे अभयारण्य आणि मधून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. या दोन अरण्यखंडांत समान असलेल्या कोणत्याही वन्य वृक्षाचे केवळ जुने वृक्ष तपासले, तर रस्त्यापूर्वीचा संबंधच हाती लागेल. २००२ नंतर रुजलेली रोपे दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे गोळा करून त्यांची तुलना जुन्या झाडांशी केली, तरच खंडनाचा परिणाम दिसू लागेल. आणि एखाद्या बाजूस रोपेच सापडली नाहीत, तर ती नोंदही तक्त्यात यावयास हवी.