परत फिरलेलं तबक

रिचर्ड डचर यांच्या ‘ब्रिगहॅम सिटी’ (२००१) या चित्रपटाच्या शेवटी चर्चमध्ये पाव आणि पाण्याचं तबक फिरतं. युटामधल्या या छोट्या गावाचा शेरीफ हाच तिथला बिशपही आहे. मॉर्मन पंथात बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो; नोकरीधंदा सांभाळून सेवा करणारा गावातलाच माणूस असतो. गावात खून पडले, आपण माणसं वाचवू शकलो नाही, या ओझ्याने तो तबक नाकारतो. मग सभागृहातला एकेक जण हात मागे घेतो. बिशप घेत नाही तोवर कुणीच घेत नाही. मॉर्मनांनी मॉर्मनांसाठी काढलेल्या चित्रपटांत इतकं मोठं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

डचर यांच्याआधी या समाजाने पडद्यावर स्वतःला दोनच रूपांत पाहिलं होतं. एक परक्यांनी रंगवलेलं: १९२२ च्या ‘ट्रॅप्ड बाय द मॉर्मन्स’ या ब्रिटिश मूकपटातला मिशनरी तरुणींना संमोहित करतो. दुसरं चर्चच्याच आश्रयाने निघालेल्या बोधपटांचं. ‘गॉड्स आर्मी’ने (२०००) ही कोंडी फोडली. सुमारे ३ लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने २५ लाखांहून अधिक गल्ला जमवला. लॉस एंजेलिसमध्ये दारोदार फिरणाऱ्या तरुण मिशनऱ्यांच्या या कथेत एकाची श्रद्धा ढळते आणि तो सगळं सोडून निघून जातो. त्याला खलनायक न ठरवण्याचं धैर्य दिग्दर्शकाकडे होतं.

गल्ला दिसला आणि रांग लागली. ‘द सिंगल्स वॉर्ड’ (२००२), ‘द आर. एम.’ (२००३), ‘चर्च बॉल’ (२००६) हे विनोदी चित्रपट घरच्या खुणांवर उभे आहेत. अविवाहितांच्या वॉर्डातली, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीतली, लग्नाची घाई, मिशनवरून परतलेल्या मुलाची फजिती, हे ज्याने भोगलंय तो हसतो. आपल्या माणसांना हसवण्यात गैर काहीच नाही. पण हे हसू कुणाला अस्वस्थ करत नाही. १९८६ मध्ये चर्चचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी तरुणांना ‘आर’, म्हणजे मुख्यतः प्रौढांसाठीच्या, प्रमाणपत्राचे चित्रपट पाहू नका असं बजावलं होतं. त्यामुळे निर्धास्तपणे पाहता येईल अशा चित्रपटांना हक्काचा प्रेक्षक होता. निर्मात्यांनी मात्र ‘स्वच्छ’ म्हणजेच ‘चांगला’ असं समीकरण मांडलं आणि तिथेच या सिनेमाचं नुकसान झालं.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. रायन लिटल यांच्या ‘सेंट्स अँड सोल्जर्स’मध्ये (२००३) ‘मॉर्मन’ हा शब्द न उच्चारता नायकाचा धर्म कळतो. युद्धाआधी जर्मनीत मिशन केलेल्या या सैनिकासमोर ओळखीचाच जर्मन येतो. ग्रेग व्हाइटली यांचा ‘न्यूयॉर्क डॉल’ (२००५) हा माहितीपट तर मला फार जवळचा वाटतो. आर्थर केन हा एकेकाळचा रॉक वादक चर्चच्या वंशावळ-ग्रंथालयात साधं काम करतो आहे. २००४ मध्ये लंडनला जुन्या साथीदारांबरोबर पुन्हा मंचावर उभा राहतो, आणि काही आठवड्यांतच ल्युकेमियाने जातो. त्याची श्रद्धा आणि त्याचं संगीत यांत कॅमेरा निवाडा करत नाही.

पुढच्या काळात टी. सी. क्रिस्टेन्सन यांचा ‘१७ मिरॅकल्स’ (२०११) आला. हातगाड्या ओढत बर्फातून निघालेल्या १८५६ च्या स्थलांतरितांची ही कथा देखणी आहे. पण प्रत्येक संकटाच्या टोकाला चमत्कार उभा असल्यामुळे त्या माणसांच्या भुकेची आणि मृत्यूची धार बोथट होते. गॅरेट बॅटी यांचा ‘द साराटोव्ह अप्रोच’ (२०१३) रशियात १९९८ मध्ये ओलीस ठेवलेल्या दोन मिशनऱ्यांना एका खोलीत बसवतो. तिथे भीती खरी आहे, म्हणून प्रार्थनाही खरी वाटते.

ज्या माणसाने हा सिनेमा उभा केला त्या डचर यांनी २००७ मध्ये चर्च सोडल्याचं जाहीर केलं. या प्रवाहातला एकच चित्रपट पाहायचा असेल तर त्यांचा ‘ब्रिगहॅम सिटी’ पाहा, आणि शेवटच्या दृश्यापर्यंत जागचे उठू नका.