‘माझा प्रवास’ : एका भिक्षुकाची साक्ष

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा निर्देश सत्तावनच्या उठावाचा एतद्देशीय पुरावा म्हणून करण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. ती सर्वस्वी गैर नव्हे. पण तिच्यामुळे ग्रंथाचे वाङ्मयीन मर्म झाकले जाते. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला, तो बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. बंड त्याच्या वाटेत आले. तो बंडाच्या शोधात गेला नव्हता.

इंग्रजी सत्तेविषयी त्याच्यापाशी सिद्धांत नाही, आणि येथेच त्याचे सामर्थ्य आहे. लोकहितवादींनी ‘शतपत्रां’त (१८४८–५०) त्या सत्तेत ईश्वरी संकेत पाहिला, चिपळूणकरांनी ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधात त्या दृष्टीचा जोरकस प्रतिवाद केला. दोघांच्याही लेखनात राज्य ही प्राधान्याने एक कल्पना आहे. गोडशांच्या लेखनात मात्र राज्य जाते म्हणजे घरातली चीजवस्तू जाते. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडल्यावर प्रथम सोने-रुपे लुटले जाते, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, अखेरीस धान्य. हा क्रम तो दक्षिणेचा हिशेब लिहावा तसा लिहितो. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशापाशी आल्यावर मात्र त्याच हिशेबी लेखणीला कंप सुटतो. काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी विहिरीपाशी भेटते, तोही प्रसंग असाच. वीररस तेथे शोधूनही सापडत नाही, म्हणूनच तो मनातून जात नाही.

सरकारने धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे काढली, अशी वदंता तो इतिहास म्हणून सांगतो. इतिहासकाराने ती बाजूस ठेवावी; समीक्षकाने ठेवू नये. शिपायांच्या आणि प्रवाशांच्या तोंडी सत्ता कोणत्या रूपाने वावरत होती, हे कळण्यास तिच्याइतके चांगले साधन विरळा.

आता पाठाचा प्रश्न. कंपनीचे राज्य १८५८ साली संपून राणीचे आले. गोडशांनी लेखन केले त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. सरकारच्या धास्तीने ते लेखकाच्या हयातीत छापले गेले नाही. १९०७ साली वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, तेही स्वतःचा हात फिरवून. वैद्यांचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. परंतु रांगड्या, अघळपघळ बोलीवर संस्कार करणे म्हणजे साक्षीदाराला वकिलाची भाषा शिकविणे होय. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रत सिद्ध केली, तरीही अनेक वाचक वैद्यांच्याच वाटेने या ग्रंथाकडे येतात. अमृतलाल नागरांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने तो हिंदीत नेला, ते कार्य मोलाचे. मात्र ते पोतदारांच्या प्रतीच्या आधीचे आहे. यापुढे कोणत्याही भारतीय भाषेत त्याचे रूपांतर करणाराने प्रथम पोतदारांची प्रत उघडावी.